वारंवार विचारले जाणारे प्रश्न: टीव्ही मालिकांची कॉमिक विडंबनं, अमेरिकेपासून आकेरीपर्यंत

घरी जुन्या विडंबन मासिकांचे दोन ट्रंक भरून अंक आहेत हे कळल्यापासून म्हापसा, डिचोली, फोंडा, पार मडगावपासून लोक तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे फक्त नंबर दिलाय.

1. विडंबन म्हणजे काय? नुसती टिंगलच ना?

नाही हो. टिंगल कोणीही करू शकतो, त्यासाठी मालिका बघावी पण लागत नाही. विडंबन करायचं तर मूळ गोष्टीचा साचा जसाच्या तसा उचलावा लागतो आणि आत दुसराच माल भरावा लागतो. मराठी माणसाला हे नवीन नाही, आचार्य अत्र्यांनी केशवकुमार नावाने 1925 मधे 'झेंडूची फुले' काढलं त्यात त्या काळच्या कवींचं वृत्त, शब्द, नखरे सगळं तसंच ठेवलं होतं आणि विषय भलताच घेतला होता. कॉमिक मासिक हेच काम चित्रातून करतं, म्हणजे नटाचा चेहरा, सेटवरचा सोफा, कॅमेरा कुठून बघतो ते सगळं ओळखीचं आणि बोलणं मात्र ती माणसं मालिकेत कधीच बोलणार नाहीत असं.

2. हे सुरू कुठून झालं?

न्यूयॉर्कमधून, 'मॅड' नावाच्या कॉमिकपासून. 1952 साली विल्यम गेन्सच्या ईसी कॉमिक्सने ते काढलं, संपादक हार्वी कर्ट्झमन. अमेरिकेत तेव्हा घरोघरी नुकता टीव्ही येत होता, त्यामुळे तिसऱ्याच अंकात, 1953 मधे, 'ड्रॅगनेट' या पोलिसी मालिकेचं 'ड्रॅग्ड नेट' झालं. 1954 च्या डिसेंबरमधे त्यांनी मुलांच्या 'हाउडी डूडी' या बाहुल्यांच्या कार्यक्रमावर 'हाउडी डूइट' केलं, आणि माझ्या मते खरी सुरुवात ती, कारण तिथे विनोद बाहुलीवर नव्हता, कार्यक्रमाच्या आडून लहान पोरांच्या गळ्यात जाहिराती मारणाऱ्यांवर होता. 1955 मधे 24 व्या अंकापासून कॉमिकचं मासिक झालं. 1957 पासून 2001 पर्यंत त्यांनी बाहेरच्या जाहिरातीच घेतल्या नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण साबणवाल्याचे पैसे घेऊन साबणवाल्याच्या मालिकेला चिमटे काढता येत नाहीत.

3. एखादं विडंबन आतून कसं असतं? काहीतरी दाखवून सांगा.

समजा अंक उघडला. वर बारीक अक्षरात एक ओळ, 'अमुक तमुक विभाग', ती पण कोटीच. खाली पानभर किंवा दोन पानभर मोठं चित्र, त्यात मालिकेतली झाडून सगळी माणसं एकत्र उभी, आणि प्रत्येकाच्या तोंडून एक फुगा निघतो ज्यात तो स्वतःची ओळख करून देतो. मालिकेत जे कोणी कबूल करत नाही ते इथे पहिल्याच वाक्यात कबूल करून टाकतात, की मी हिरो आहे, मला दर भागात डोक्यावर मार बसतो आणि पुढच्या भागात साधं टेंगूळ पण नसतं.

मग पाच-सहा पानं छोट्या चौकटींची गोष्ट. अक्षरं हाताने काढलेली नसतात, छापखान्यातली सरळ टाइपातली असतात, त्यामुळे कितीही चक्रम वाक्य असलं तरी ते गंभीर चेहऱ्याने बोलल्यासारखं वाटतं. आणि मागे भिंतीवर, टेबलाखाली, खिडकीबाहेर बारीक बारीक गमती भरलेल्या. ही सवय विल एल्डर या चित्रकाराने लावली, तो त्याला 'चिकन फॅट' म्हणायचा. रश्श्यावर तरंगणारी तर्री म्हणा ना, पोट भरत नाही पण तिच्याशिवाय चव नाही. मी एकच पान तीन वर्षांनी परत बघितलं आणि मागच्या भिंतीवरच्या फोटोतला माणूस पुढच्या चौकटीत फोटोतून निघून गेलाय हे तेव्हा दिसलं.

4. मालिकेचं नाव मोडून का लिहितात? केस होऊ नये म्हणून?

कायद्याचं 12 मधे बघा. नाव मोडणं हा पहिला विनोद असतो आणि त्यातच टीका सांगून टाकलेली असते. 'स्टार ट्रेक'चं 1967 मधे 'स्टार ब्लेख' केलं, ब्लेख म्हणजे घाण चव लागल्यावर तोंडातून निघणारा आवाज, आपल्या 'शी'सारखा. 'ऑल इन द फॅमिली'चं 'गॉल इन द फॅमिली फेअर' केलं, गॉल म्हणजे पित्त, कडूपणा, आणि त्या मालिकेतला बाप खरंच सगळ्या जगावर पित्त खवळलेला माणूस होता. अक्षर फिरवलं आणि अख्खं घर उभं राहिलं. मराठीत अशी नावं करताना लोक नुसतं यमक जुळवतात, 'सून'चं 'ऊन' वगैरे, ते दोन मिनिटं गोड वाटतं, पण मोडलेल्या नावाला अर्थ पाहिजे.

5. मूळ मालिका बघितलेलीच नसेल तर काय कळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जवळचा आहे. माझा मामा तारवटी होता, बोटीवरून सुट्टीला आला की चॉकलेट आणि साबणाच्या वड्यांबरोबर बॅगेच्या तळाला खलाशांनी वाचून टाकलेली मासिकं असायची. घरात तेव्हा फक्त दूरदर्शन, ते पण अँटेना फिरवून. त्यामुळे अमेरिकेतल्या कित्येक मालिका मी आधी विडंबनात वाचल्या आणि खरी मालिका पंधरा-वीस वर्षांनी बघितली, काही अजून बघितलेल्या नाहीत.

आणि कळायचं! सगळं नाही, पण बरंच. कारण चांगलं विडंबन तुम्हाला मालिका शिकवत शिकवत पुढे जातं, पहिल्या पानावर ओळखी करून देतात (3 बघा) त्या त्यासाठीच असतात. शिवाय सासू, साहेब, भाव खाणारा हिरो, दर वेळी संकटात सापडणारी बाई ही माणसं कुठल्याही देशात असतात. मामाला मी विचारायचो, "मामा, हा टकलू कोण?" तो म्हणायचा, "मला काय ठाऊक रे बाबा, पण आमचा चीफ इंजिनियर अगदी असाच आहे." तेवढं पुरे असतं. उलट बघितलेल्या मालिकेचं विडंबन वाचताना आपण फक्त ओळख पटवत बसतो, न बघितलेल्या मालिकेत एक अख्खा देश कुठल्या गोष्टीला भुलतो ते दिसतं.

6. ते चेहरे एवढे हुबेहूब कोण काढायचं?

मॉर्ट ड्रकर. 1956 मधे मॅडमधे आले आणि पन्नासहून जास्त वर्षं काढत राहिले, 2020 मधे गेले. 'स्टार ब्लेख' त्यांचंच, लिहिलं डिक डिबार्टोलोने. टीव्ही मालिकांची ढीगभर विडंबनं अँजेलो टोरेसने काढली, त्याचं नाव लोक कमी घेतात हे मला खटकतं. साधा व्यंगचित्रकार नाक मोठं करतो की संपलं, ड्रकर तसं करायचे नाहीत. तोच नट हसताना, चिडताना, मागून, वरून, तीस चौकटींत तीस तऱ्हेने दिसायचा आणि प्रत्येक वेळी तोच वाटायचा. हातसुद्धा बघा त्यांनी काढलेले, बोटं बोलतात.

7. फक्त अमेरिकेतच होतं का हे?

मुळीच नाही. अमेरिकेतच 'क्रॅक्ड' 1958 मधे आलं, मार्वलचं 'क्रेझी' 1973 मधे, दोन्ही मॅडच्याच वाटेवरची. बाहेर ब्रिटनची मॅड आवृत्ती 1959 ची, स्वीडनची 1960 ची, जर्मनीची 1967 ची, ब्राझीलची 1974 ची, ऑस्ट्रेलियाची 1980 ची. जपानची गोष्ट वेगळी, ती 9 मधे.

एक साखळी सांगतो, मला फार आवडते. बीबीसीवर 'टिल डेथ अस डू पार्ट' नावाची मालिका होती, तिच्यावरून अमेरिकेने 1971 मधे 'ऑल इन द फॅमिली' केली, जर्मनीने 1973 मधे 'आइन हेर्त्स उंड आइने झेले' केली, आणि अमेरिकन आवृत्तीची मॅडने विडंबन केलेली गोष्ट वर 4 मधे आलीच. म्हणजे तोच एक तिरसट बाप तीन देश फिरला आणि प्रत्येक ठिकाणी लोकांना वाटलं हा आमच्याच शेजारचा. आपल्याकडे पण बघा, 1984 ची 'हम लोग' मेक्सिकोच्या मालिकांचा नमुना समोर ठेवून बनली होती आणि 'आई कुठे काय करते' बंगालीतून आली.

8. जर्मन किंवा ब्राझीलची आवृत्ती म्हणजे भाषांतरच ना?

अर्धं भाषांतर, अर्धं घरचं. जर्मन आवृत्तीचे संपादक हर्बर्ट फॉयरश्टाइन यांनी भाषांतर असं केलं की त्यातले हुंकार, धापा, ओकाऱ्यांचे शब्द जर्मन पोरांच्या तोंडी बसले. पुढे हेच गृहस्थ 1990 मधे 'श्मिटआइनांडर' या विनोदी कार्यक्रमातून स्वतः टीव्हीवर आले. ब्राझीलमधे ओटा नावाने ओळखले जाणारे संपादक होते, त्यांनी तिथल्या चित्रकारांना कामाला लावलं आणि तेलेनोव्हेला, म्हणजे त्यांच्याकडच्या रोज रात्रीच्या मालिका, पानावर आणल्या. गोव्यात घरी पोर्तुगीज वाचणारे वडीलधारे अजून आहेत, त्यांच्याकडे ब्राझीलचा अंक घेऊन जा. मी एका शेजारच्या आजोबांकडे घेऊन गेलो होतो, ब्राझीलची बोली त्यांना वेगळी लागली तरी हसत हसत तासभर वाचून दाखवत बसले.

9. शिनचॅन पण विडंबन आहे म्हणतात, खरं का?

शिनचॅन स्वतः नाही, पण त्याच्या आत आहे. योशितो उसुई यांनी 1990 मधे ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, सुरू केली, त्यात शिनचॅन ज्याच्यावर जीव टाकतो तो अ‍ॅक्शन कामेन म्हणजे जपानी टीव्हीवरच्या मुखवटेवाल्या हिरोंचं, 1971 च्या 'कामेन रायडर'सारख्यांचं विडंबन, आणि कांताम रोबो म्हणजे 'गंडम' या यंत्रमानवांच्या मालिकेचं. आपल्या पोरांनी मूळ मालिका न बघता विडंबन आधी बघितलं आणि त्यांना काही अडलं नाही, म्हणजे 5 मधे मी म्हणालो तेच. मजा अशी की इथे विडंबन करणारा टर उडवत नाही, लहान मूल त्या खोट्या हिरोवर किती खरं प्रेम करतं ते दाखवतो.

10. भारतात, मराठीत कोणी केलं असं?

हिंदीत दिल्लीहून 'दीवाना' निघायचं, मॅडच्याच वळणाचं, त्यात सिनेमांची विडंबनं असायची. मराठीत मासिक असं खास नव्हतं पण दिवाळी अंक होते, आणि तिथे आपली स्वतःची एक गोष्ट आहे जिचा मला अभिमान आहे. मधुकर पाटकरांचा 'आवाज', 1951 पासूनचा. त्यातली खिडकीची चित्रं आठवतात? पानाला चौकोनी भोक कापलेलं, त्यातून आतलं थोडंसं चित्र दिसतं, बघणाऱ्याच्या मनात भलतंच येतं, पान उलटलं की भलतंच काही नसतं, बाई साधी कणीक मळत असते. मॅडमधे अल जॅफींनी 1964 पासून शेवटच्या पानाची घडी घालायचं चित्र सुरू केलं, दोन ठिकाणी दुमडलं की नवीन चित्र आणि नवीन वाक्य. दोन्हीकडे चित्रकाराने वाचणाऱ्याच्या हाताला कामाला लावलंय. पडद्यावर हे होत नाही, कागदच लागतो.

मालिकांची विडंबनं मराठीत झाली ती जास्त करून टीव्हीवरच, 'चला हवा येऊ द्या' 2014 पासून. छान असायची, पण ती हवेत विरतात, चौकटीवर थांबून मागची भिंत बघता येत नाही.

11. मारिओ मिरांडांनी मालिकांवर काही केलं होतं का?

लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ, त्यांचा विषय मालिका नव्हता, माणसं होती, ऑफिसातली मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास, गावातलं लग्न, बँडवाले, कुत्रे. पण भरगच्च चित्र कसं वाचायचं हे गोव्याच्या माणसाला मारिओंनीच शिकवलंय. ज्याने पणजीच्या मार्केटमधली त्यांची भिंतीवरची चित्रं थांबून बघितलीत त्याला 3 मधली तर्री समजावून सांगावी लागत नाही.

12. मालिकावाले केस करत नाहीत?

करतात, आणि त्यातूनच कायदा तयार झाला. गाण्यांच्या चालीवर म्हणायचे नवीन शब्द छापले म्हणून संगीत प्रकाशकांनी मॅडवर 25 गाण्यांसाठी केस घातली होती, 1964 मधे अमेरिकेच्या अपील कोर्टाने निकाल मॅडच्या बाजूने दिला. पुढे एकदा 'स्टार वॉर्स'वाल्या कंपनीच्या वकिलांनी एका सिनेमाच्या विडंबनावरून धमकीचं पत्र पाठवलं, आणि त्याच वेळी जॉर्ज लुकासने त्याच विडंबनाचं कौतुक करणारं पत्र पाठवलेलं होतं, मॅडने वकिलांना त्याची कॉपी पाठवून दिली, विषय संपला.

देशोदेशी वेगळं आहे. फ्रान्सच्या कायद्यात विडंबनाला नाव घेऊन परवानगी आहे, ऑस्ट्रेलियाने 2006 मधे दिली, कॅनडाने 2012 मधे, ब्रिटनने 2014 मधे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात विडंबन हा शब्द नाही, कलम 52 मधे टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे. 1996 मधे केरळ हायकोर्टाने एका मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला याच सुटीत बसवलं. थोडक्यात मालिकेवर काहीतरी म्हणत असाल तर बाजू बळकट, नुसते संवाद आणि फोटो उचलून हसवत असाल तर कच्ची. छापून विकणार असाल तर वकिलाला दाखवाच.

13. मालिका स्वतःच विनोदी किंवा स्वतःच विडंबन असेल तर?

हे सगळ्यात अवघड. 1966 ची टीव्हीवरची 'बॅटमॅन' आधीच मुद्दाम अतिरंगी केलेली होती, तिला अजून काय फुगवणार? मॅडने त्याच वर्षी 'बॅट्स-मॅन' केलं आणि फुगवलंच नाही, उलट हवा काढली. तो साथीदार पोरगा वैतागलाय, कारण रोज रात्री गुंड पकडायचे म्हटल्यावर मुलींबरोबर फिरायला जायला त्याला वेळच मिळत नाही. मालिका जितकी फुगलेली तितकं विडंबन जमिनीवर, हा उपाय मी दुसरीकडेही लागू पडलेला बघितलाय.

14. रामायण-महाभारतासारख्या मालिकांचं करावं का?

1987 मधे 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या वाड्यावर टीव्हीला हार घालायचे, समोर उदबत्ती लावायचे, आजी अंघोळ करून बसायची. त्या श्रद्धेवर मी कधीच लिहिणार नाही आणि कोणी लिहू नये असं मला मनापासून वाटतं. पण दोन बाण एकमेकांकडे जाताना जी पाच मिनिटं लागायची, आणि ऐन वेळी लाइट गेली की पंधरा माणसं ट्रान्सफॉर्मरकडे धावायची, त्यावर आजीसुद्धा हसायची. देवावर नाही, बघण्यावर करा.

15. गोव्यात जुने अंक कुठे मिळतील? आणि पावसाळ्यात टिकवायचे कसे?

हणजुण्याचा बुधवारचा बाजार, तिथे परदेशी लोक परत जाताना वाचलेली पुस्तकं टाकून जातात, जर्मन अंक मला तिथेच मिळाले. म्हापशात शुक्रवारी रद्दीवाल्यांकडे बसायला वेळ काढा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तारवटी आणि गल्फवाल्यांच्या घरचे माळे, जुनं घर मोडायला काढलं की आधी विचारा. घेताना शेवटचं पान बघा, घडी घातलेली असेल (10 बघा) तर किंमत कमी होते, मला स्वतःला घडी घातलेलाच आवडतो, कोणीतरी मजेत वाचलाय हे कळतं.

पावसाचं म्हणाल तर जूनच्या आधी उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर एक दिवस पसरा. स्टीलच्या ट्रंकेत कडुलिंबाचा वाळवलेला पाला आणि खाली वर्तमानपत्र, ते दर महिन्याला बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, माझे अकरा अंक तसे बांधल्यामुळे बुरशीने एकमेकांना चिकटले, सोडवताना ड्रकरचे चेहरे निघून आले.

16. मॅड अजून निघतं का?

2018 मधे परत एक नंबरपासून सुरू केलं, 2019 पासून आत बहुतेक जुनंच साहित्य नव्या कव्हरमधे.

17. मला 'रात्रीस खेळ चाले'वर करायचंय, सुरुवात कुठून करू?

कर! सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात शूटिंग झालेली मालिका, बोली मालवणी, आपल्याला त्यातलं अक्षर न अक्षर कळतं. आधी चार भाग आवाज बंद करून बघ आणि वहीत लिही की कोण कुठे उभं राहतं, दार किती वेळा वाजतं, कोण कोणाकडे किती वेळ नुसतं बघत राहतं. मग आवाज लावून बघ आणि तोंडात बसलेली वाक्यं लिहून काढ. त्यानंतर एकच प्रश्न विचार, या मालिकेत कोणी कधीच न बोलणारी गोष्ट कुठली. मला विचारशील तर, एवढ्या भुताखेतांच्या वाड्यात राहणाऱ्या लोकांनी सामान बांधून सरळ कुडाळला भाड्याने खोली का घेतली नाही? तिथून पहिल्या पानाचे फुगे लिहायला घे, नाव शेवटी ठेव (4 बघ). चेहरे जमत नसतील तर कपडे आणि उभं राहणं पकड, तसेच कपडे घातलेला माणूस कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभा केलास की मालिकेतले अण्णा नाईक कोणालाही ओळखू येतील. सहा पानांच्या वर नेऊ नको, आणि झालं की छापायच्या आधी घरातल्या ज्या माणसाने मालिका एकही दिवस चुकवली नाही त्याला दे वाचायला.